मूल गेम खेळतंय, पण कोणत्या मोडमध्ये?



आपल्या शिरूर अनंतपाळकडे सोयाबीनची रास झाली, दिवाळीची सुट्टी लागली की बाबांचा मोबाईल पोरांच्या हातात. "काय खेळतोस रे?" "मॉन्स्टर ट्रक, सर!" हा ट्रक फिनलंडच्या फिंगरसॉफ्ट कंपनीच्या 'हिल क्लाइंब रेसिंग २' (२०१६) या गेममधला.

त्यातले दोन मोड पाहा. ॲडव्हेंचरमध्ये मूल एकटंच चढ-उतार पार करतं. पेट्रोल संपायच्या आत पुढचा कॅन गाठायचा, उतारावर रेस कमी करायची, नाहीतर गाडी उलटते. इथं अंदाज बांधायची सवय लागते. शिवाय पेट्रोल संपलं किंवा ड्रायव्हरचं डोकं आपटलं की फेरी संपते.

कप मोडमध्ये इतरांशी शर्यत. जिंकलं की बक्षिसाची पेटी मिळते, पण ती उघडायला काही तास थांबावं लागतं. मग पोरगं जेवताना, अभ्यासाला बसल्यावरही मोबाईल मागतं. हट्ट पोराचा दिसतो, पण तो लावलेला असतो गेमनं.

म्हणून मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा. ॲडव्हेंचरच्या तीनच फेऱ्या ठरवा. किती मीटर गेला ते वहीत लिहायला लावा, कालच्यापेक्षा किती जास्त ते काढायला सांगा. वजाबाकी पक्की होईल, आणि भांडणही टळेल.

करून बघा, अनुभव जरूर कळवा!