पुढचं पाऊल : चाळणी दारात नाही, घरात!

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात गंगापूर रोडवरून एक पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण दहावीत आहे. ती म्हणते, "काका, आमच्या घराजवळ एक मोठा फलक लागलाय. 'नेदरलँड्समध्ये शिका, प्रवेश सोपा!' खरंच सोपा असतो का हो? मला शेतीचं शास्त्र शिकायचंय." आणि पत्राच्या खाली तिच्या बाबांनी दोनच ओळी लिहिल्यात : "द्राक्षबागेवर कर्ज काढायची तयारी आहे. काढावं का, एवढं सांगा."

प्रश्न मोठा आहे. म्हणून आज सगळी जागा या एकाच पत्राला.

आधी देश पाहू या. नेदरलँड्स म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो देश. त्याची जवळजवळ पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे! १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटले आणि १८०० हून अधिक माणसं बुडाली. त्यानंतर या लोकांनी पाणी अडवण्याच्या विद्येचा ध्यासच घेतला. १९५७ साली डेल्फ्ट गावी त्यांनी परदेशी अभियंत्यांसाठी जलविज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला, तोही इंग्रजीतून. आज ती संस्था आयएचई डेल्फ्ट म्हणून ओळखली जाते. त्याआधी १९५० मध्ये नकाशे आणि हवाई मोजणीची आयटीसी आणि १९५२ मध्ये हेगची समाजविज्ञानाची आयएसएस या संस्था निघाल्या होत्या. म्हणजे बाहेरच्यांना शिकवायची त्यांना जुनी सवय आहे. लायडनचं विद्यापीठ तर १५७५ चं, शिवरायांच्या जन्माच्याही ५५ वर्षं आधीचं! आणि शेतीसाठी जगात नाव आहे ते वाखेनिंगेनचं. तिथे १९१८ पासून शेतीचं उच्च शिक्षण मिळतं.

आता फलकाकडे वळू. प्रवेश सोपा असतो का? अर्धं उत्तर 'हो' असं आहे. तिथल्या मुलांकडे योग्य शालान्त प्रमाणपत्र असलं की बहुतेक विषयांना सरळ प्रवेश मिळतो. सीईटी नाही, नीट नाही. काही थोड्या विषयांच्या जागा ठरलेल्या असतात, तिथे मात्र निवड होते आणि त्यासाठी १५ जानेवारीच्या आत अर्ज लागतो. आपल्या मुलांना बारावीचे गुण, हवे ते विषय आणि इंग्रजीची परीक्षा लागते. आयईएल्टीएसमध्ये साधारण सहा ते साडेसहा गुण मागतात. तुमच्या बोर्डाची बारावी कोणत्या दर्जाची धरायची, हे तिथली संस्था ठरवते. म्हणून आपल्या बोर्डाचं नाव कळवून त्या संस्थेकडूनच लेखी उत्तर घ्यायचं. फलकाला विचारायचं नाही!

उरलेलं अर्धं उत्तर फलकावर नसतं. ते असं : आपल्याकडे चाळणी दारात असते. एकदा आत शिरलं की माणूस हळूहळू का होईना, पार पडतो. तिथे दार उघडं असतं आणि चाळणी आत, पहिल्याच वर्षात असते.

ही चाळणी चालते कशी? वर्षाचे ६० श्रेयांक असतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण २८ तासांचा अभ्यास. पदवीच्या पहिल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास श्रेयांक मिळवावेच लागतात. नाही मिळाले तर त्या संस्थेत तो विषय पुढे शिकता येत नाही. आजारपणासारखं खरं कारण असेल तर ते ऐकून घेतात, पण कंटाळा हे कारण धरत नाहीत! शिवाय युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला दरवर्षी निदान अर्धे श्रेयांक मिळवावे लागतात. नाही तर संस्था तसं तिथल्या इमिग्रेशन खात्याला कळवते आणि राहण्याचा परवानाच धोक्यात येतो.

गुणांचंही तसंच. गुण दहापैकी असतात आणि साडेपाचला पास. आठ मिळाले तर वर्गात कौतुक होतं, दहा क्वचितच कुणाला मिळतात. इथे ९५ टक्के मिळवणाऱ्या मुलीच्या हातात तिथे पहिल्याच परीक्षेत सहा किंवा सात पडू शकतात. मैत्रिणी, तेव्हा रडत घरी फोन करायचा नाही. सात म्हणजे तिथे चांगलं. आजच लिहून ठेव.

गंगापूर रोडच्या माणसांना ही आतली चाळणी समजावून सांगायला नको. आपली द्राक्षं दरवर्षी हजारो टन नेदरलँड्सला जातात. इथल्या पॅकहाऊसमध्ये मण्याचा आकार मोजतात, गोडी तपासतात, मग कंटेनर भरतो. पण कंटेनर भरला म्हणजे माल विकला गेला का? २०१० साली काय झालं, ते घरच्या मोठ्यांना विचारा. इथून पास होऊन निघालेली द्राक्षं युरोपात पुन्हा तपासली गेली. त्यात 'सीसीसी' या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. माल अडकला आणि कित्येक बागायतदारांचं कंबरडं मोडलं. द्राक्षं वाईट नव्हती. पलीकडे काय तपासणार आहेत, तेच वेळेवर नीट कळलं नव्हतं.

तुझंही तसं होऊ नये म्हणून पलीकडे काय तपासतात ते सांगतोय. तिथे पाठांतर तपासत नाहीत. गाइड नसतं, अपेक्षित प्रश्नसंच नसतो. चार-पाच जणांचा गट करून एक प्रश्न देतात आणि तो आपणच सोडवायचा असतो. सरांचं म्हणणं पटलं नाही तर तसं बोलून दाखवणं, यालाच तिथे अभ्यास म्हणतात.

दारंही दोन आहेत. विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची, संशोधनाकडे नेणारी. 'होखस्कूल' नावाच्या संस्थांची पदवी चार वर्षांची, कामाच्या अनुभवासकट हाताला शिकवणारी. दोन्ही चांगल्या, पण एक नव्हे. फलकावर दोन्हींना सर्रास 'विद्यापीठ'च म्हणतात, तेव्हा विचारून घ्यायचं.

आता बाबा, तुमच्यासाठी. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला पदवीची फी वर्षाला साधारण नऊ ते वीस हजार युरो पडते. तिथल्या मुलांना मात्र २०२४-२५ साली ती २,५३० युरो होती. राहण्याजेवण्याला महिन्याला हजार-बाराशे युरो वेगळे. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर वर्षाला एकवीस लाखांपासून चौतीस लाखांपर्यंत आकडा जातो. पार्टटाइम नोकरीवर भिस्त ठेवू नका. आठवड्याला १६ तासच काम करता येतं, नाही तर जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ, आणि मालकाला त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. खोल्यांची टंचाई तर इतकी, की काही विद्यापीठांनी 'खोली मिळाली नसेल तर येऊ नका' असं अलीकडे स्पष्टच सांगितलंय.

म्हणून माझं मत विचाराल तर, आत्ता बागेवर कर्ज काढू नका. मुलीला आधी इथे शिकू द्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी) आहे. त्यानंतर वाखेनिंगेनची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. तिथलं पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ सगळं इंग्रजीत चालतं, आणि पहिल्या वर्षी विषय सोडायला लावणारी ती चाळणी फक्त पदवीला असते. तोवर तिला बागेतलं कळेल, वय वाढेल, आणि खर्चही तीन-चार वर्षांचा न होता दोन वर्षांचा होईल. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला तिथे एक वर्ष राहताही येतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीही अनेकांना माहीत नसते.

पण मैत्रिणी, तुला 'थांब' म्हणतोय, 'सोड' म्हणत नाहीये हं! आजपासूनच तयारी करता येईल. अकरावीत गणित सोडू नकोस. आणि एक गंमत कर. चार रविवार काढ, दर रविवारी सात तास. झाले की नाही २८ तास, म्हणजे एक श्रेयांक! त्यात एकच प्रश्न घे : गंगापूर धरणातलं पाणी आपल्या बागेपर्यंत येतं का? येत असेल तर कसं, नाही तर मग बागेचं पाणी येतं कुठून? पुस्तक नाही, क्लास नाही, शिकवायला कुणी नाही. चालून पाहा, माणसांना विचार, मोजमाप कर आणि एका पानात लिही.

चौथ्या रविवारीही मजा वाटली, तर तू त्या चाळणीतून पार पडशील असं समज. दुसऱ्याच रविवारी टीव्ही लावावासा वाटला, तर तेही कळलं ना, आणि तेही बाग गहाण न टाकता!

बाकीच्या दोस्तांनीही करून पाहा. तुमचं ते एक पान मला पाठवा. वाट पाहतोय.