श्वासालाही तालीम हवी!

मैत्रिणींनो, चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या माझ्या सासूबाईंना चार पायऱ्यांत धाप लागायची. मी म्हणायची, “आई, तुम्ही बसा बघू!” तिथंच माझं चुकलं. बसून बसून उरलीसुरली ताकदही गेली.

सीओपीडी या जुनाट विकारात फुप्फुसांत हवा कोंडते; छाती-पोटामधला श्वासाचा पडदा चपटा होतो, लवकर थकतो. पण तोही स्नायूच, त्यालाही व्यायाम असतो. श्वास आत ओढताना अडथळा करणारं लहानसं उपकरण मिळतं. अडथळा किती ठेवायचा, ते मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून मोजूनच घ्यावं. फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत, औषधंही सुटत नाहीत. पण धाप कमी होऊ शकते.

परवा सासूबाई स्वतः गच्चीवर पापड वाळत घालून आल्या. या खेपेला मी “बसा” म्हटलं नाही!