रुळांच्या पलीकडचं अ‍ॅमस्टरडॅम

‘बाइल्मर? वेडबिड लागलंय का तुला?’

निनादच्या ऑफिसमधल्या एका सीनिअरची ही रिअ‍ॅक्शन. बिचाऱ्या निनादने इतकंच विचारलं होतं, की शनिवारी घर बघायला जायचंय, तासभर गाडी मिळेल का. गाडी मिळाली नाही. वर वीस मिनिटांचं लेक्चर मिळालं. तिकडे रात्री फिरू नये, तिकडे आपले लोक राहत नाहीत, रीसेल व्हॅल्यू नाही, वगैरे वगैरे. एकंदरीत सूर असा, की लेका, पुण्याहून एवढ्या लांब आलास ते बाइल्मरमध्ये राहायला?

निनादची बायको शलाका म्हणजे माझी मास कॉमची रूममेट. दोन आठवडे अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका कामासाठी होते आणि मुक्काम त्यांच्या सोफा-कम-बेडवर. सहा वर्षांपूर्वी निनादला ऑनसाइट मिळालं आणि सगळे करतात तेच त्यांनी केलं. अ‍ॅमस्टेलवेनमध्ये भाड्याचं घर घेतलं. अ‍ॅमस्टरडॅमला दक्षिणेकडून खेटून असलेल्या या गावात इतके भारतीय आहेत, की कढीपत्त्यासाठी वणवण करावी लागत नाही. पण आता घरमालकाला घर परत हवंय. मुलगी चार वर्षांची, शाळा नुकतीच सुरू झालेली. बँकेचं कर्ज किती मिळणार ते कळलं आणि शलाकाने नकाशावर त्या बजेटमधली घरं शोधली. बोट येऊन थांबलं झाउदओस्टवर. झाउदओस्ट म्हणजे चक्क आग्नेय. शहराच्या आग्नेय टोकाचा हा अख्खा विभाग, आणि त्यातला सगळ्यात बदनाम भाग म्हणजे बाइल्मर.

गंमत पुढेच आहे. निनादचं ऑफिस झाउदओस्टमध्येच आहे! रोज सकाळी तो ‘बाइल्मर अरेना’ स्टेशनवर उतरतो आणि पश्चिमेला वळतो. तिकडे बँका, आयटीवाले, आयाक्स क्लबचं फुटबॉल स्टेडियम, मोठमोठ्या कॉन्सर्टचे हॉल, इकेआ. सगळं काचेचं आणि चकाचक. स्टेशनच्या पूर्वेला लोक राहतात. सहा वर्षांत निनाद पूर्वेला किती वेळा गेला असेल? एकदा. तेसुद्धा पाऊस होता आणि छत्री घ्यायची होती म्हणून. मुंबईकरांना ईस्ट-वेस्टचा फंडा वेगळा सांगायला नको.

शनिवारी आम्ही तिघं मेट्रोने निघालो. ५३ नंबरची लाइन, स्टेशन क्रायनेस्ट. शलाकाने डच शिकून घेतलंय, त्यामुळे अर्थ लगेच कळला. कावळ्याचं घरटं! ‘घर घेतलं तर पत्त्यातच घरटं,’ ती म्हणाली. निनाद हसला नाही.

इथल्या वस्त्यांची नावं अफलातून आहेत. एफ-ब्यूर्ट, जी-ब्यूर्ट, एच-ब्यूर्ट, के-ब्यूर्ट. ब्यूर्ट म्हणजे आपली आळी समजा. एका आळीतल्या बिल्डिंगांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. एखाद्या प्लॅनरने फायलींना लावावीत तशी अक्षरं, आणि झालंही तसंच होतं. १९६६ मध्ये इथे पहिला पाया घातला गेला आणि १९६८ मध्ये पहिले रहिवासी आले. चंडीगडवाल्या ल कार्बुझिएच्या विचारांनी भारावलेल्या मंडळींनी हे भविष्यातलं शहर आखलं. मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेत दहा-अकरा मजली लांबच लांब इमारती. मध्ये भरपूर हिरवळ. गाड्या वरच्या उंच रस्त्यांवर, खाली फक्त पायी आणि सायकलवाले. राहण्याची जागा वेगळी, कामाची वेगळी. एकूण सुमारे तेरा हजार फ्लॅट्स.

कागदावर प्लॅन जाम भारी होता. पण लोक आले तेव्हा मेट्रो नव्हती, ती १९७७ मध्ये आली. दुकानंही पुरेशी नव्हती. भाडी चढी. ज्या मध्यमवर्गीय डच कुटुंबांसाठी हे सगळं बांधलं, त्यांना शहराबाहेरच्या नव्या गावांमध्ये पुढेमागे बाग असलेली छोटी घरं मिळायला लागली. अकराव्या मजल्यावरच्या भविष्यापेक्षा अंगणातला गुलाब बरा, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं काय चुकलं? फ्लॅट मात्र रिकामे पडले.

त्याच सुमाराला सुरिनाममधून लोक येत होते. दक्षिण अमेरिकेतली ही डच वसाहत नोव्हेंबर १९७५ मध्ये स्वतंत्र झाली आणि त्याच्या आगेमागे हजारो माणसं डच पासपोर्ट घेऊन हॉलंडला आली. शहरात त्यांना सहजासहजी कुणी घर देईना. १९७४ मध्ये काही कुटुंबांनी बाइल्मरमधल्या ग्लिपहूव्ह नावाच्या इमारतीतले रिकामे फ्लॅट सरळ ताब्यात घेतले. पुढची वर्षं ड्रग्ज, चोऱ्या, बंद लिफ्ट आणि वर्तमानपत्रांतल्या हेडलाइन्सची. सीनिअरसाहेब जे बाइल्मर सांगत होते, ते हे. गंमत म्हणजे, ते त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नाही. ऐकून ऐकून पुढे पाठवलेलं.

आता जे समोर आहे ते वेगळंच आहे. नव्वदच्या दशकापासून जुन्या महाकाय इमारतींपैकी जवळपास निम्म्या पाडल्या. उंच रस्ते बऱ्याच ठिकाणी जमिनीवर आणले. त्या जागी विटांची दोन-तीन मजली घरं, दारात सायकली, खिडकीत मांजर. काही इमारती तशाच ठेवल्या. आम्ही बघायला गेलो ती क्लायबर्ग त्यातलीच. चारशे मीटर लांब, पाचशे घरांची. घरबांधणी संस्था ती पाडायलाच निघाली होती, पण काही बिल्डर मंडळी एकत्र आली आणि त्यांनी ही इमारत एका युरोला विकत घेतली. हो, एक युरो! बाहेरचा सांगाडा त्यांनी नीट केला आणि आतलं घर ज्याचं त्याने करायचं. किचन हवं तिथे, भिंत हवी तिथे. पूर्वी तळमजल्यावर अंधाऱ्या कोठड्या होत्या, तिथे आता राहती घरं आहेत. संध्याकाळी खाली दिवे लागलेले दिसतात आणि अख्ख्या परिसराची भीती निम्मी कमी होते. २०१७ मध्ये या कामाला युरोपचा प्रतिष्ठेचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार मिळाला. जुनी इमारत दुरुस्त केली म्हणून तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

फ्लॅट मस्त होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड. निनादने नळ सोडून पाहिले, भिंतीवर टकटक केली, सोसायटीचा मेंटेनन्स विचारला. मग जमिनीचा विषय निघाला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये बहुतेक ठिकाणी जमीन महापालिकेची असते, तुमचं फक्त घर. हे सगळं विचारून झालं तरी त्याच्या कपाळावरची आठी हलली नाही. शेवटी शलाका वैतागली. ‘तुला घर आवडलं नाहीये की पत्ता?’ तो काहीच बोलला नाही. घरात तिसरं माणूस असताना नवरा-बायकोने असं भांडू नये. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मग आम्ही रोटी खायला गेलो. हे वाक्य नेदरलँड्समध्ये म्हणता येतं, याचं मला फार कौतुक वाटतं. सुरिनामी रोटी म्हणजे मोठी मऊ पोळी, सोबत चिकन, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि उकडलेलं अंडं. बरोबर बारा, म्हणजे उडदाचा वडाच. शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या एक बाई होत्या. शलाकाने हिंदीत काहीतरी विचारलं आणि त्या सरनामीत सुरू झाल्या. भोजपुरीच्या वळणाची ही भाषा, अर्धी कळते, अर्धी अंदाजाने. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून सुरिनामला पहिले मजूर घेऊन गेलं. १९१६ पर्यंत अशी चौतीस हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आजच्या यूपी-बिहारमधली. त्यांची ही पणती.

मावशी १९७५ मध्ये या भागात आल्या. त्यांची पहिली इमारत पाडली, आता त्या जवळच विटांच्या घरात राहतात. भीती वाटायची का, असं मी विचारलं. लिफ्टची वाटायची, म्हणाल्या. ती अडकायची. मग विमानाचं बोलल्या. ४ ऑक्टोबर १९९२, रविवारची संध्याकाळ. एल अलचं मालवाहू जम्बो विमान ख्रूनेव्हेन आणि क्लाइन-क्राउटबर्ग या दोन इमारती जिथे जोडल्या होत्या, तिथेच कोसळलं. ४३ माणसं गेली. आत कोण कोण राहत होतं याची कागदोपत्री नोंदच नव्हती, त्यामुळे कितीतरी दिवस आकडा लागत नव्हता. तिथे एक झाड वाचलं. त्याला ‘सगळं पाहिलेलं झाड’ म्हणतात. जेवण झाल्यावर आम्ही तिथवर चालत गेलो. निनाद तिथे बराच वेळ उभा होता.

मावशींचं आणखी एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. वाईट दिवसांत आम्ही इथे राहिलो, आता दिवस चांगले आले तर मुलाला इथे घर परवडत नाही. मुलगा आल्मेरेला राहतो, ट्रेनने येतो. शलाका एकदम गप्प झाली. आपण इथे घर घेतलं तर आपण कुणाच्या जागी येणार, हा हिशेब कर्जाच्या फॉर्ममध्ये कुठे असतो? तिने तो रात्री जेवताना मांडला. ‘म्हणजे नको घ्यायला?’ निनादने विचारलं. ‘तसं नाही रे,’ ती म्हणाली, आणि दोघं पुन्हा आकडेमोडीला बसले.

बोली बंद पाकिटातली असते. सांगितलेली किंमत ही फक्त सुरुवात, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी जीव मुठीत धरून वर काही हजार लिहिले. गुरुवारी एजंटचा फोन आला. घर दुसऱ्याला गेलं. आमच्या आकड्यापेक्षा बऱ्याच वर. जिथे कुणी राहत नाही म्हणे, तिथल्या घरासाठी आणखी अनेकांनी पाकिटं टाकली होती. सगळ्यात जास्त चिडला निनाद. फोन ठेवला आणि म्हणाला, ‘गॅलरी काय मस्त होती यार!’

मी परत आले. काल शलाकाचा मेसेज आलाय. रविवारी रायखर्सबोसला जाणार आहेत. झाउदओस्टचाच दक्षिणेकडचा भाग. अपॉइंटमेंट या वेळी निनादने घेतली. सीनिअरला सांगितलेलं नाही.