वर्डआर्ट सजवा, पण अक्षर मोडू नका

डिजिटल स्क्रॅपबुक हा प्रकार आता बहुतेक शाळांत पोहोचला आहे. सहलीचे फोटो, परिसर अभ्यासाचा प्रकल्प, वार्षिक अंकाची पानं, निरोप समारंभाची आठवण, काहीही असो, पॉवरपॉइंट किंवा कॅनव्हा उघडायचं, फोटो टाकायचे आणि वर मोठ्या रंगीत अक्षरांत शीर्षक द्यायचं. हे शीर्षक म्हणजे वर्डआर्ट. पान उघडलं की नजर आधी तिथेच जाते. आणि मराठी पानांवर नेमकं तेच सर्वांत जास्त बिघडलेलं असतं.

यात मुलांचा दोष नाही. या सगळ्या सोयी मुळात रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. रोमनमध्ये अक्षरं सुटी असतात. ती लांब करा, वाकवा, एकाखाली एक रचा, प्रत्येकाला वेगळा रंग द्या, शब्द शाबूत राहतो. आपली देवनागरी शिरोरेषेने बांधलेली आहे. वर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार, ऋकार. ‘अक्षरांमधील अंतर’ नावाची पट्टी जरा उजवीकडे सरकवली की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि ‘आमची सहल’ हे तुटलेल्या कुंपणासारखं दिसायला लागतं. शब्द कमानीत वाकवला तर काही ॲपमध्ये प्रत्येक चिन्ह सुटं फिरतं. मग ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी द च्या मागे जाऊन बसते. अक्षराला जाड किनार दिली तर दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे उभी रेघ उमटते. ओळींमधलं अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

‘अहो, सजावटच आहे ती, एवढं काय त्यात?’ असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. पहिली-दुसरीचं मूल अजून अक्षराचं रूप डोळ्यांत साठवत असतं. वहीत त्याची वेलांटी चुकली तर आपण लाल गोल करतो. आणि तेच मूल वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या चकचकीत छापील पानावर तीच चूक वीतभर मोठी करून बघतं. छापलेलं ते बरोबर, असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं.

एक उदाहरण मी कार्यशाळेत नेहमी देते. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असं शीर्षक हवं होतं आणि पानावर आलं ‘सह्याद्रीच्या दर्या’. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, दर्या म्हणजे समुद्र! फॉन्टमध्ये मराठीचा अर्धा ऱ नसला किंवा टंकताना साधा र घेतला गेला की हा घोटाळा होतो. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांतला फरक तर पंगतीला बसलेल्या कुणालाही कळेल. हा अर्धा ऱ आपल्या मराठीचं वैशिष्ट्य आहे, म्हणून शीर्षकासाठी फॉन्ट निवडताना आधी ‘वाऱ्यावर’ हा एक शब्द टंकून बघा. नीट उमटला तरच तो फॉन्ट पुढे वापरायचा.

ल आणि श यांचंही तसंच. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं मानली आहेत. हिंदीसाठी बनवलेल्या फॉन्टमध्ये ल दंडाचा येतो, श वेगळ्या वळणाचा येतो. तो वाचता येतो, चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण फळ्यावर एक ल गिरवून घेतो आणि प्रकल्पाच्या पानावर दुसराच ल झळकतो, तेव्हा लहान मूल गोंधळतं. निदान प्राथमिकच्या वर्गांपुरतं तरी हे सांभाळायला हवं.

चांगले फॉन्ट नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं असलेला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. तो मजकुरासाठी आहे. शीर्षकाला जोर हवा तर गूगल फॉन्ट्सवर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे बालू, मोदक, मुक्ता हे फॉन्ट मोफत मिळतात. यात्रा वन हा फॉन्ट तर मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. प्रवासाच्या पानाला याहून शोभेसं काय असणार? हे सगळे युनिकोड आहेत हे महत्त्वाचं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये शीर्षक केलं की दुसऱ्या संगणकावर त्याची गिचमिड होते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

मात्र फॉन्ट बदलणं म्हणजे वर्डआर्ट आपलंसं करणं नव्हे. माझा खरा आग्रह इथे आहे. शब्द कसा दिसावा हे मुलाने शब्दाच्या अर्थावरून ठरवावं. कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं आठवा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं नाव बघून नाटक गंभीर की विनोदी हे कळायचं. ते काम अक्षराच्या वळणाने केलं, चमकीने नाही. आपल्या मुलांना विचारा, ‘पाऊस’ हा शब्द कसा दिसेल? शिरोरेषेला ढग करायचं की ऊ ची शेपटी ओघळत खाली आणायची? ‘डोंगर’ मध्ये डोंगर कुठे दडलाय? सातवीच्या एका मुलीने ‘दुष्काळ’ लिहिताना शिरोरेषाच भेगाळलेली काढली होती. तिथे तुटलेली रेषा चूक नव्हती, कारण तिने ती जाणून तोडली होती. पट्टी सरकवल्यामुळे तुटणं आणि अर्थासाठी तोडणं यांतला फरक मुलांना बरोबर कळतो, फक्त एकदा विचारायला हवं.

याला महागडं काही लागत नाही. मुलाने कोऱ्या कागदावर जाड काळ्या स्केचपेनने शब्द लिहायचा. उजेडात फोनने फोटो काढायचा. पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर क्लिक करून पार्श्वभूमी काढून टाकायची सोय आहे, ती वापरली की कागद नाहीसा होतो आणि अक्षर उरतं. ते फोटोवर ठेवा. झालं वर्डआर्ट! मुलाच्या हातचं, आणि वेलांटी जागेवर. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक फोन आणि एक संगणक असला तरी हे जमतं.

अक्षरं एकाखाली एक रचायची हौस असेल तर त्यातून व्याकरणाचा तासही होतो. ‘स्वातंत्र्य’ उभं लिहायचं तर किती चौकोन लागतील? मुलं सहा, सात काहीही सांगतात. मग मोजायचं: स्वा, तं, त्र्य. तीनच! ‘महाराष्ट्र’ला चार. जोडाक्षर हे एकच अक्षर आहे हे दहा वेळा सांगून जेवढं ठसत नाही तेवढं इथे ठसतं. रंगही असेच द्यायचे, पूर्ण अक्षराला एक रंग. मात्रा लाल आणि व्यंजन निळं केलं तर बऱ्याच ॲपमध्ये मात्रा सुटी होऊन शेजारी एक रिकामं वर्तुळ उमटतं.

पालकांना एक विनंती. रात्री दहा वाजता तयार टेम्प्लेट उतरवून त्यात मुलाचं नाव टाकून देऊ नका. आम्हाला ते ओळखू येतं. त्या टेम्प्लेटमधलं इंग्रजी शीर्षक पुसून मराठी घातलं की ते चौकटीबाहेर जातं, मग ते दाबून चपटं केलं जातं, असं ते सगळं असतं. मूल मात्र त्या पानापासून लांबच राहतं. वाकडं असू दे, पण त्याचं असू दे.

आणि आपण शिक्षकांनीही गुण कशाला देतो ते बघायला हवं. गेल्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेत पहिल्या आलेल्या पानावर शीर्षकातच दोन अक्षरं मोडलेली होती. सोनेरी छटा आणि सावली मात्र झकास होती. हाताने लिहिलेलं, नेमकं शीर्षक असलेलं एक साधं पान उत्तेजनार्थलाही आलं नाही. परीक्षकांच्या तक्त्यात ‘सजावट’ला दहा गुण होते, शुद्ध आणि अर्थपूर्ण शीर्षकाला रकानाच नव्हता. आपापल्या शाळेत हा रकाना घालायला कुणाची परवानगी लागत नाही. मी दहातले चार गुण त्याला ठेवते.

छपाईचं तेवढं लक्षात ठेवा: पान शेवटी झेरॉक्सवर काळं-पांढरं निघणार असेल तर फिकट रंगांच्या छटा उडून जातात, म्हणून शीर्षक गडदच ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.