मोगलीच्या अरण्यातून माणूस कोणी हाकलला?

डिस्ने कंपनीचा 'द जंगल बुक' हा चित्रपट हिंदुस्थानात ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्याही आठवडाभर आधी, इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू अशा चार भाषांत झळकला. मराठीस त्यांत जागा नव्हती. आमच्या नाना पाटेकरांचा आवाज शेरखानास लाभला तोही हिंदीतून. ते असो. 'पाहा, आपले अरण्य जगाला कसे दाखविले!' असा जो जयघोष तेव्हा झाला आणि मुलांना हा चित्रपट दाखविताना आजही होतो, त्याविरुद्ध आम्हांस बोलावयाचे आहे.

हा चित्रपट लॉस एंजेलिसमधील बंद स्टुडिओत घडला. नील सेठी हा मुलगा तेवढा खरा. वाघ, लांडगे, वृक्ष संगणकाने रचलेले. कारागिरी अव्वल आहे आणि दृश्यकरामतीचे ऑस्कर तिला मिळाले ते योग्यच झाले. अरण्य न पाहता अरण्य रचले, हाही आम्ही दोष मानीत नाही. मुंबईस जन्मलेल्या किपलिंगने तरी सिवनीचे डोंगर कोठे पाहिले होते? अमेरिकेत व्हर्माँट येथे बसून त्याने ते कल्पिले.

परंतु एक गंमत पाहावी. १९६७ च्या व्यंगचित्रपटात डिस्नेने किंग लुई नावाचा ओरांगउटान पदरचा घातला होता. तो प्राणी हिंदुस्थानात नसतो, म्हणून २०१६ साली त्याचा जायगँटोपिथेकस हा लुप्त महावानर करण्यात आला. वानराच्या अधिवासाविषयी इतकी दक्षता! मग त्याच डोंगरांत पिढ्यान् पिढ्या राहणारा माणूस कोठे गेला? चित्रपटात मोगलीचा बाप दिसतो तो मरण्यापुरता. गाव दिसते ते दुरून, आगीभोवतीच्या सावल्यांप्रमाणे. एकालाही नाव नाही.

मूळ पुस्तकांत तसे नाही. १८९४ च्या पहिल्या भागात मोगली गावात राहतो, मेसुआ त्याला पोटच्या पोराप्रमाणे जवळ करते, बुलदेव शिकारी त्याच्यावर चेटकाचा आळ घेतो. १८९५ च्या दुसऱ्या भागात अरण्य त्या गावावर चालून येते, तेव्हा भयभीत ग्रामस्थ जवळच्या गोंडांच्या मुखियास बोलावतात. तो धनुष्यबाण घेऊन येतो, रानकारल्याची एक वेल उचलतो आणि देवळाच्या दारावर, देवाच्या समोर, आडवी बांधतो. येथे आता अरण्याचीच सत्ता, हा त्याचा अर्थ. गाव समजते आणि उठून जाते. देवळाशी नाते असणाऱ्या आमच्या वाचकांस या प्रसंगाचे गांभीर्य सांगावयास नको. त्या साऱ्या कथेत अरण्याची भाषा जाणणारा प्रौढ माणूस हा एक गोंड. चित्रपटाने नेमका तोच वगळला.

आम्ही हे उटनूरहून लिहीत आहोत. सिवनी येथून दूर, नागपूरच्याही पलीकडे. पण तेथेही आणि येथेही गोंडांची वस्ती आहे. जवळच केस्लापूरला पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी झारीत भरून पायी आणतात, तेव्हा पूजा होते. गोमंतकात सातेरीच्या वारुळापुढे हात जोडणाऱ्यांस हा भाव परका वाटू नये. निर्मनुष्य अरण्य ही आमच्या मुलुखातील वस्तू नव्हे.

ती कल्पना कागदावर जन्मली आणि तिचे मोल येथील लोकांनी मोजले. निजामाच्या राजवटीत राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, शेते व पाडे त्यांच्या आत सापडले, आणि पिढीजात रहिवासी एका रात्रीत अतिक्रमक ठरले. त्यांच्यासाठी उभा राहिलेला कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला गोळ्यांना बळी पडला. वनवासीयांचे हक्क संसदेने मान्य केले ते २००६ साली. आजही दावेदारास आपण येथे होतो हे सिद्ध करावे लागते. ज्यांच्या नावाचा कागद नसे, त्यांचा तेथे निवासच नव्हता असे मानले जाई. पडद्यावरही तोच न्याय लावला आहे.

'मुलांच्या चित्रपटास कायद्याचा काथ्याकूट कशाला?' असे कोणी म्हणतील. त्यांनी ध्यानात घ्यावे, की लांडग्यांकडून कायद्याचा पाठ वदवून घेणारा हा चित्रपटच कायद्याविषयी आहे. किपलिंग साम्राज्यवादी होता, त्याच्या गोंडाची कड कशाला घेता, असेही कोणी विचारतील. त्याचे साम्राज्यप्रेम आम्हांस ठाऊक आहे. साम्राज्याच्या त्या कवीने ज्याला धनी म्हणून उभे केले, त्याला एकविसाव्या शतकातील उदार कंपनीने दारातही उभे केले नाही, हीच तर आमची फिर्याद आहे. २०१८ च्या 'मोगली' चित्रपटात गाव परतले, मेसुआही परतली. मात्र शिकारी झाला लॉकवुड नावाचा गोरा साहेब.

किपलिंग १९३६ साली निवर्तला. ग्रंथस्वामित्वाची मुदत केव्हाच संपली असून ती १८९५ ची कथा पडद्यावर आणण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. मराठी निर्मात्यांपैकी कोणास हिंमत असेल तर त्याने वेल बांधणाऱ्या त्या मुखियापासून आरंभ करावा आणि त्याला त्याच्या गोंडीत बोलू द्यावे. त्या भूमिकेसाठी माणूस हवा असल्यास पौष अमावास्येस केस्लापूरला यावे.