आषाढीचा भार कोणाच्या डोक्यावर?
सोलापूर जिल्ह्यात तालुके 11. यात्रेकरूंच्या मुक्कामाचं आरक्षण घेणारं अ‍ॅप बांधायचं, तर डेटाबेसचे तालुकावार शार्ड, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरचे तुकडे, पाडायचा मोह होतोच. पण आषाढीला सगळा भार पंढरपूरच्या शार्डवर येणार आणि करमाळा, सांगोल्याचे सर्व्हर माश्या मारत बसणार! त्यापेक्षा धर्मशाळेच्या क्रमांकाचा हॅश काढून वाटणी करावी. एका धर्मशाळेच्या नोंदी एकाच ठिकाणी राहतात, भारही विभागतो. फक्त तालुक्याचा अहवाल काढताना प्रत्येक शार्डचं दार ठोठावावं लागतं. रेप्लिकेशनचं, म्हणजे डेटाची प्रत (रेप्लिका) दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याचं, काम वेगळं: मूळ सर्व्हर बसला, तर प्रत हाताशी हवी. मात्र चुकून चालवलेली डिलीट कमांड त्या प्रतीतही पोचते. म्हणून रेप्लिकाला बॅकअप समजू नका; आणि एका सर्व्हरवर भागत असेल, तर शार्डिंगच्या वाटेला जाऊच नका.