फाटलेला अस्थिबंध आणि चाहत्यांचा निवाडा

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये मागल्या हंगामात जो संघ सर्वांत दुबळा ठरला, त्याला महाविद्यालयीन खेळाडूंतून प्रथम निवड करण्याचा हक्क मिळतो. या वार्षिक निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. 1936 पासून ती चालू आहे. निवडलेला गडी पुढे चमकला नाही, की तेथील प्रेक्षक त्याला 'बस्ट', म्हणजे फुकट गेलेला, ठरवून मोकळे होतात. दुखापतीने पडलेल्यालाही त्याच पंगतीत बसवावे काय, यावर त्यांचे वाग्युद्ध वर्षानुवर्षे चालले आहे. बसवावे म्हणणारांचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यांचा युक्तिवाद सावकारी वहीचा आहे. हक्क खर्ची पडला, जमेस काही आले नाही, सबब निवड फसली! किजाना कार्टरचे उदाहरण ते हटकून देतात. 1995 मध्ये सिनसिनाटीच्या बेंगल्स संघाने पदरचा आणखी एक हक्क देऊन पहिला क्रमांक मिळवला आणि पेन स्टेट विद्यापीठाच्या या खेळाडूला घेतले. हंगामापूर्वीच्या पहिल्याच सामन्यात, चेंडू घेऊन तिसऱ्यांदा धावताना, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तोटा झाला, हे कोण नाकारतो? पण तोटा दाखवला म्हणजे दोष शाबीत झाला, हा न्याय कोठला?

आपल्याकडील 1872 च्या करार कायद्यात कलम 56 खाली एक दृष्टांत आहे. नटाने आगाऊ पैसे घेऊन सहा महिने रंगभूमीवर काम करण्याचे कबूल केले, आणि काही प्रसंगी आजारामुळे त्याला उभे राहता आले नाही. त्या प्रसंगांपुरता करार शून्य होतो, असे कायदा म्हणतो. नटाने करार मोडला असे म्हणत नाही. तिकिटे विकून बसलेल्या कंत्राटदाराचा जीव त्या रात्री कसा होतो, हे आमच्या नाटकवेड्या मुलखाला सांगायला नकोच. तरीही तापाने फणफणलेल्या नटाला कोणी भिकार नट म्हणत नाही.

उलट जामार्कस रसेल पाहा. 2007 मध्ये ओकलंड रेडर्सनी त्याला सर्वांत आधी निवडले आणि तीन हंगामांनंतर, 2010 मध्ये, सोडून दिले. तेथे आड आली ती दुखापत नव्हे. तो शब्द तेथे खुशाल वापरावा. पण रसेल आणि कार्टर यांना एकच विशेषण लावले, तर त्या विशेषणात अर्थ तो काय उरला?

जुने दुखणे ठाऊक असताना घेतला असेल तर, असे प्रतिपक्ष विचारील. प्रश्न रास्त आहे. रॉबर्ट ग्रिफिनचा गुडघा 2009 मध्येच, बेलर विद्यापीठात असताना, जायबंदी झाला होता. तरी 2012 मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क मोजून त्याला मिळवले, आणि पहिल्याच वर्षी तो नवोदितांत अग्रगण्य ठरला. त्या डिसेंबरात तोच गुडघा पुन्हा दुखावला. जानेवारी 2013 मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध तो उघड लंगडत असता त्याला मैदानावर राहू दिले गेले, आणि चौथ्या सत्रात गुडघ्याने दगा दिला. तो स्वतःच खेळतो म्हणाला, हा बचाव आम्ही जाणतो. बावीस वर्षांचा पोरगा दुसरे काय म्हणणार? उलटतपासणी व्हायला हवी होती ती त्याला न थांबवणारांची; चाहत्यांनी पिंजऱ्यात उभा केला आहे तो ग्रिफिन.